घायपात आणि सुभेदारांचं नाक

शेजारी चांगला मिळायला नशीब लागतं, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्याला बहुधा शेजारी नसावा. वाईट शेजाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. चांगल्या शेजाऱ्याचं करायचं काय? उंब्रजच्या लालासाहेब सुभेदारांना हा प्रश्न चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात पडला आणि त्याचं उत्तर शोधताना त्यांना सगळं अंग खाजवत बसावं लागलं.

लालासाहेब पलटणीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यातला 'नायब' गावानं आदरापोटी गाळला आणि तो परत लावा असा आग्रह लालासाहेबांनीही धरला नाही. हायवेपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं कौलारू घर, मागं उसाचं रान, रानाच्या बांधावर घायपाताची रांग आणि घराच्या सोप्यात एक वेताची खुर्ची. एवढ्या इस्टेटीत खरी मोलाची होती ती खुर्ची. दर रविवारी संध्याकाळी तिच्यासमोर बैठक भरायची. कँटीनच्या कोट्यातली रम निघायची, पेले भरले जायचे, पण कुणी पेल्याला हात लावत नसे. आधी लालासाहेब पेला नाकाखाली फिरवणार, डोळे मिटणार, एक घोट तोंडात घोळवणार आणि मिशी पुसून म्हणणार, "चालंल." मग बाकीच्यांनी प्यायचं. हा रिवाज कुणी घालून दिला ते कुणाला आठवत नव्हतं, पण न्यायाधीश आल्यावर कोर्टानं उभं राहावं इतका तो पक्का झाला होता.

आता एक घरची गोष्ट सांगायला हवी. लालासाहेबांना वास येत नव्हता. अजिबात. पलटणीत लागलेली तपकिरीची डबी गेली तीस वर्षं त्यांच्या नाकपुड्यांत रिकामी होत होती आणि त्या नाकाचा जीव कधीच गेला होता. एकदा पायाशी शेगडीवरचं दूध करपून कोळसा झालं आणि लालासाहेब शेजारीच बसून पेपर वाचत राहिले. वास नाही म्हणजे चवही बेताचीच. तिखट, आंबट, गोड, संपलं. हे फक्त त्यांच्या बायकोला, शालूबाईंना माहीत होतं आणि त्यांनी ते संसाराच्या बाकी गोष्टींबरोबर पोटात ठेवलं होतं. ज्यांच्या 'चालंल'वर सगळी बैठक पेला उचले, त्यांना रम आणि रॉकेल यांत फरक कळत होता तो रंगावरून.

म्हणूनच कँटीनमधून कधीमधी गळ्यात पडणाऱ्या जिनच्या बाटलीला बैठकीत स्थान नव्हतं. दिसायला पाणी! ती शालूबाईंच्या कपाटात जायची. शालूबाई ती गुडघ्याला चोळायच्या. बाई कामाची होती. आळीत कुणी बाळंत झाली की धुरी द्यायला त्यांनाच बोलावणं यायचं. निखाऱ्यावर ओवा, वावडिंग टाकून त्या बाळाला अशी शेकायच्या, की पोर पहाटेपर्यंत हलायचं नाही.

बैठकीला येणारे तिघे. मळेकरी तात्याबा, कापडाचे व्यापारी कुतुबुद्दीनभाई आणि शेजारचे शेतकी अधिकारी नानासो. कुतुबुद्दीनभाई दारूला शिवत नसत. ते सोडा घेऊन बसत. पण पेल्याचा वास घेऊन मत देत आणि प्यायला लागत नसल्यामुळे त्यांचं मत शेवटपर्यंत शुद्धीवर असे. नानासो मात्र उंबऱ्याजवळ पाटावर बसत, हसायच्या जागी हसत आणि जाताना सगळ्यांच्या चपला सरळ करून ठेवत. असा माणूस कुणाच्या वाटेत येईल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तर या नानासोंना सरकारनं उचललं आणि गव्हाच्या प्रशिक्षणासाठी थेट मेक्सिकोला धाडलं. मेक्सिकन गव्हाचा तेव्हा बोलबाला होता. पण गहू ज्या देशातून येतो त्या देशात उंब्रजचा माणूस जाऊ शकतो, हे लालासाहेबांना पटेना. ते स्वतः पलटणीबरोबर लेह-लडाखपर्यंत गेलेले. "लडाखला जायाला छाती लागती. इमानात बसायला काय लागतंय? बूड!" असं ते म्हणाले. तात्याबा हसला, पण नेहमीपेक्षा थोडं कमी.

दिवाळीनंतर नानासो परतले, ते डोक्यावर सुपाएवढी टोपी आणि हातात एक बाटली घेऊन. बाटलीत पाण्यासारखं काहीतरी आणि तळाला एक किडा. खराखुरा, गोरापान, मेलेला किडा. रविवारी बैठक भरली ती नानासोंच्या पडवीत. लालासाहेब आपल्या खुर्चीत मिशीला पीळ देत बसून राहिले. "येतील. किडा बघून हुईल आन् येतील." कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. भिंतीपलीकडून हसणं ऐकू येत होतं. लालासाहेबांनी स्वतःच पेला भरला, नाकाखाली फिरवला आणि मोठ्यानं म्हणाले, "चालंल." सोप्यातलं मांजर उठून गेलं.

तिसऱ्या रविवारी ते शिडी परत मागायच्या निमित्तानं पलीकडे गेले. शिडी त्यांच्याच घरी होती, हे त्यांना तिथं पोचल्यावर आठवलं.

"या, या सुभेदार! तुमचीच वाट बघत हुतो," नानासो उठून उभे राहिले. खोटं बोलत असते तर बरं झालं असतं, पण त्यांच्या तोंडावर खरोखरच आनंद होता. त्यांनी पानाचा चुना ठेवायच्या वाटीएवढी चिमुकली वाटी पुढं केली. "तिकडं हे घाईनं पीत न्हाईत. आधी वास घ्यायचा, तोंड जरा उघडं ठेवून. मग थांबायचं. मग एक थेंब जिभेवर फिरवायचा आन् काय काय आठवतंय ते सांगायचं."

"दारू प्यायची का परीक्षेला बसायचं?" लालासाहेब म्हणाले.

पण मंडळी खरंच परीक्षेला बसली होती. तात्याबा डोळे मिटून म्हणाला, "हुरड्याच्या आगटीपाशी बसल्यागत वाटतंय गड्या. धूर हाय, पर डोळं झोंबंत न्हाईत." कुतुबुद्दीनभाईंनी नुसता वास घेतला. "भाजलेलं रताळं. आन् मागनं कायतरी ओव्यागत येतंय."

"तिकडं डोंगरात एक झुडूप असतंय," नानासो घाईनं म्हणाले. "त्याचा वास त्यो."

मग सगळे लालासाहेबांकडे बघू लागले. तीस वर्षांत प्रथमच त्यांना 'चालंल'पेक्षा जास्त बोलणं भाग होतं. त्यांनी वाटी नाकाला लावली. आत काहीच नव्हतं, जसं रोज काहीच नसतं. मेंदूला ताण दिला. उंची वस्तूला उंची वास असणार, या हिशेबानं ते ठामपणे म्हणाले, "गुलाब."

तात्याबानं कुतुबुद्दीनभाईंकडं बघितलं. मग तात्याबाच्या नाकातून आवाज आला, सोडा कुतुबुद्दीनभाईंच्या चुकीच्या नळीत गेला आणि दोघंही लोळायचे बाकी राहिले. हसले नाहीत ते एकटे नानासो. ते हळूच म्हणाले, "पैल्यांदा व्हतं असं, सुभेदार. हळूहळू येईल."

हसलेलं लालासाहेब विसरले असते. हे 'हळूहळू येईल' त्यांच्या काळजात काट्यासारखं रुतलं. उंबऱ्यापाशी बसणारा माणूस आपल्याला धीर देतो! आपल्याला! त्या रागात त्यांनी विचारलं, "ही दारू करत्यात तरी कशाची?"

"घायपाताची."

"बांधावरच्या? दोर वळत्यात त्या?"

"त्याच जातीची. पानं छाटायची, मधला गड्डा जमिनीत खड्डा करून भाजायचा, मग गाळायची. खड्ड्यातला धूर तिच्यात उतरतोय. ह्यो किडाबी त्यातलाच."

लालासाहेब ताडकन उठले आणि घरी आले. त्यांच्या बांधावर घायपाताची पलटणच्या पलटण उभी होती. नानासोंकडे एक बाटली, ती आज ना उद्या संपणार, जरी ती द्रौपदीच्या थाळीसारखी अजून भरलेलीच दिसत होती तरी. इथं तर कारखाना निघेल! दारू गाळणं हा गुन्हा आहे, ही एक बारीक अडचण होती. ती त्यांनी पुढं ढकलली. आधी भाजायचं, मग कायद्याचं बघू.

भाजायचं कसं, हे विचारायला लांब जायला नको होतं. हुरड्याची आगटी सगळ्यांनाच ठाऊक. तात्याबाला त्यांनी शपथ घालून बोलावलं. तो आला, कारण त्याला दोन्ही घरी प्यायचं होतं. "खड्ड्यात गवऱ्या रचायच्या आन् द्यायचा पेटवून. कणसं भाजत्यात, ह्यो का भाजायचा न्हाई?" तात्याबानं सल्ला दिला. वाटेनं जाणाऱ्या एकानं चिपाड घाला म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं वरून माती लोटा म्हणून, आणि तिसऱ्यानं काय भाजताय ते न विचारताच मीठ कमी ठेवा म्हणून बजावलं. लालासाहेबांनी सदरा काढला, कुऱ्हाड घेतली आणि घायपातावर चाल केली. पानाच्या टोकाला सुई असते हे त्यांना माहीत होतं, ती त्यांनी चुकवली. पानात रस असतो हेही माहीत होतं. तो रस अंगावर उडाला की काय होतं, तेवढं माहीत नव्हतं.

आगटी पेटेपर्यंत त्यांचे हात खाजायला लागले. धूर वर चढेपर्यंत पाठ. मग मान, पोट आणि जिथं सुभेदारानं चारचौघांत खाजवू नये अशी ठिकाणं. तात्याबा आपलं अंग बाभळीच्या खोडाला घासत होता. आणि नेमक्या त्याच वेळी हायवेवरून सायकलीनं चाललेला चौकीवरचा अर्जुना हवालदार धूर बघून बांधावर आला.

"सुभेदार, खड्डा, धूर, जळण... ही हातभट्टी तर न्हवं?"

"मी लष्करातला मानूस हाय!" लालासाहेब काखेत खाजवत गरजले.

"लष्करातलाच म्हनून इचारतोय. तुमाला काम नीट करायची सवय. ह्ये खड्ड्यात काय हाय?"

"घायपात."

"कशाला?"

इथं लालासाहेबांची पंचाईत झाली. दारूसाठी म्हणावं तर बेडी. दोरासाठी म्हणावं तर दोर कुणी भाजत नाही. "खायला," ते म्हणाले.

अर्जुनानं टोपी काढून डोकं खाजवलं. बघून बघून त्यालाही खाज सुटली होती. एव्हाना रानातली माणसं गोळा झाली होती. "असं बघा, मला वर सांगावं लागतंय. खायाची वस्तू असंल तर खाऊन दावा. पंचांसमोर." तात्याबा पंच म्हणून उभा राहिला, कारण आरोपी म्हणून उभं राहण्यापेक्षा ते बरं होतं.

गड्डा बाहेर काढला. बाहेरून काळा, आतून हिरवट. हुरडा भाजतो तेवढ्या वेळात घायपात भाजत नाही, त्याला दिवस लागतात. पण हे मेक्सिकोत माहीत, उंब्रजात कोण सांगणार? लालासाहेबांनी पलटणीचं नाव घेतलं, एक मोठा तुकडा तोडला आणि चावायला सुरुवात केली. तोंडात नुसता दोराचा वाख आला. ते चावत राहिले, गाव बघत राहिलं. "लय ग्वाड हाय," ते म्हणाले आणि तो गिळला. सरकारदरबारी घायपात हा खाद्यपदार्थ ठरला. अर्जुना सायकलवर बसेपर्यंत सुभेदारांचे ओठ केळफुलासारखे सुजले होते.

त्यानंतरचे दिवस वर्णन करण्यासारखे नाहीत, म्हणून थोडक्यात करतो. अळू खाजतं त्याला चिंच चालते, म्हणून शेजारणींच्या सल्ल्यानं लालासाहेबांना चिंचेच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. खाज राहिली आणि मुंग्या आल्या. मग कुणीतरी सांगलीची अस्सल हळद सुचवली. हळदीनं माखलेले, सुजलेले, मिशीसकट पिवळे सुभेदार सोप्यात बसले, तेव्हा दारावरून जाणाऱ्या एका म्हातारीनं देव समजून हात जोडले. शेवटी डॉक्टर आले. ओठ बघितले, नाक बघितलं, मलम दिलं आणि म्हणाले, "सूज नाकापर्यंत गेली आहे. तपकीर बंद. एक चिमूट जरी ओढलीत तरी मी जबाबदार नाही." शालूबाईंनी ती डबी त्याच दिवशी चुलीत घातली.

नानासो रोज यायचे. मलम लावायला मदत करायचे. "गड्डा आठ-धा वर्साचा लागतोय सुभेदार, आन् हातात जाड मोजं," असं जीव तोडून समजवायचे. रविवारी अंजना, त्यांची बायको, झाकलेली छोटी वाटी भिंतीवरून द्यायची. "सुभेदारमामांचा वाटा." लालासाहेब ती वाटी सगळ्यांची पाठ वळली की खिडकीबाहेर रिकामी करायचे. माणसानं किती चांगलं असावं याला काही मर्यादा? भिंतीपलीकडे कुणी म्हणायचं "भाजलेलं रताळं", कुणी म्हणायचं "चुलीतली राख", आणि इकडे एक माणूस अंधारात ओठ चावायचा प्रयत्न करायचा आणि ओठ दुखायचे. मत्सरानं माणूस जळतो म्हणतात. लालासाहेब जळत होतेच, वर खाजतही होते.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी ते जागे झाले आणि दचकले. घरात काहीतरी होतं. चोर नव्हे, साप नव्हे. मग त्यांना उमजलं. तो वास होता. चुलीतल्या गवरीचा, ओल्या शेणाच्या सारवणाचा, गोधडीचा, शालूबाईंच्या केसांच्या खोबरेलाचा आणि गुडघ्याला चोळलेल्या जिनचा. तीस वर्षांपूर्वी पलटणीत हरवलेला माणूस न कळवता दारात उभा राहावा, तसे ते वास एकेक करून आत आले. लालासाहेब अंथरुणात तसेच बसून राहिले. घाबरून कुणाला काही बोलले नाहीत. पण मनात एकच विचार आला: रविवार.

रविवारी ते स्वतःच्या पायानं, मिशी पिळून, नानासोंच्या पडवीत गेले. आज गुलाब नाही. आज असं एकेक नाव घेईन, की मेक्सिकोचा गव्हर्नर पाणी भरील. बाटली मध्ये होती. भरलेली. किडा तळाला शांत होता.

"सुभेदार बरं हून आल्यात. आज पैला घोट त्यांचा," नानासो म्हणाले.

लालासाहेबांनी वाटी नाकाखाली नेली, तोंड जरा उघडं ठेवलं आणि वास घेतला. धूर आला. जळलेल्या वाखाचा, घायपाताचाच धूर. त्याच्या मागून ओवा आला. त्याच्या मागून वावडिंग. आणि त्यांचा हात हवेत थांबला. हा वास त्यांना माहीत होता. पहिलं पोर झालं तेव्हा ते रजेवर आले होते, नाक तेव्हा जिवंत होतं; अंधाऱ्या खोलीत शालू निखाऱ्यावर चिमटीनं ओवा टाकत होती आणि पोराला धुरावर धरत होती. मेक्सिकोत कोण कुणाला ओवा-वावडिंगाची धुरी देतं? आणि धुराच्या खाली जे पाण्यासारखं होतं, त्याला शालूबाईंच्या गुडघ्याचा वास होता. ती त्यांची जिन होती.

त्यांनी वर पाहिलं. नानासोंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना कळलं होतं, की सुभेदारांना कळलंय. एक शब्द, फक्त एक, आणि टोपी, बाटली, मेक्सिको सगळं चुलीत गेलं असतं. तो शब्द लालासाहेबांच्या जिभेवर आला. किती दिवस ते त्या शब्दाची वाट बघत होते! पण समोर बसलेला माणूस मेक्सिकोहून आलेला दिसेना. तो परत उंबऱ्यापाशी पाटावर बसल्यासारखा दिसत होता. खुर्ची जाईल या भीतीनं माणसाचं तोंड कसं होतं, हे लालासाहेबांइतकं उंब्रजात कुणाला माहीत होतं?

त्यांनी थेंब जिभेवर फिरवला, मिशी पुसली.

"चालंल," ते म्हणाले.

तात्याबानं सवयीनं लगेच वाटी उचलली. नानासोंनी उठून, काही कारण नसताना, सगळ्यांच्या चपला सरळ केल्या.

घरी आल्यावर मात्र लालासाहेब फुटले. "बाटलीला धुरी कवापास्नं देतीयास?"

शालूबाई चुलीपुढून हलल्या नाहीत. "दुसऱ्या ऐतवारापास्नं. त्यांची बाटली पैल्याच दिवशी संपली. अंजना भितीपाशी रडाय लागली, मानसं येत्यात, आता काय दाखवू म्हनून. म्या म्हनलं, रिकामी बाटली आन. उपडी धरून बांधावरच्या घायपाताच्या वाखाची आन् ओवा-वावडिंगाची धुरी दिली, जिन वतली, बूच मारलं."

"आन् मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगनार हुते. तवर तुमी गुलाब म्हनून आला."

हे तोडीस तोड होतं, पण लालासाहेबांना आता आवरेना. "माझी जिन! माझ्या बांधावरचं घायपात! माझी बायकू! आन् वाहवा त्या नानासोची? मला कवा दिलीस असली धुरी लावून?"

शालूबाईंनी फुंकणी खाली ठेवली. "तुमाला वास कुठं येत हुता?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "तीस वर्सं रांधतीया. सगळ्याला एकच, 'चालंल'. मीठ इसरलं तरी 'चालंल'. पैल्यांदा बाटली दिली तवा नानासो भितीवरनं म्हनलं, वैनी, ह्यात ओवा हाय का? लय बरं वाटलं मला. कुनीतरी इचारलं."

लालासाहेबांनी मिशीला नेलेला हात खाली घेतला. नानासोंच्या टोपीचा, बाटलीचा, बैठकीचा त्यांना आजवर जेवढा हेवा वाटला होता, तो सगळा एकत्र केला तरी या एका प्रश्नाच्या हेव्यापुढं काहीच नव्हता. एवढा साधा प्रश्न, आणि तो विचारायचं शेजाऱ्याला सुचलं.

शालूबाईंनी ताट वाढलं. भाकरी, आमटी, कांदा. लालासाहेब बसले, पण त्यांनी घास घेतला नाही. आमटीची वाटी उचलून नाकाखाली नेली, तोंड जरा उघडं ठेवलं आणि थांबले. शालूबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्या गेल्या नाहीत.

"लसूण हाय," लालासाहेब हळूहळू म्हणाले. "आमसूल. येसूर. आन्..." त्यांनी परत वास घेतला, आणि सांगावं की नाही याचा क्षणभर विचार केला. "आन् जरा तळाला लागलीया."

"लागलीया," शालूबाई म्हणाल्या. "बोलत बसले न्हवं तुमच्यासंगं." आणि आमटी लागल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल अशा चेहऱ्यानं त्या समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आता भाकरी कशाची, ते सांगा."